उलट्या सीटचे फोरमन

आमचे केजचे घरमालक खुर्चीवर बसायच्या आधी खुर्चीला हातोडी मारून बघायचे. वीतभर लांबीची हातोडी, कायम कापडी पिशवीत. टक, टक. आवाज पटला तर बसणार. नाही पटला तर उभ्यानं चहा पिणार आणि यजमानाला सांगणार, "मागचा डावा पाय बघून घ्या. आठ दिवसांत कुणीतरी पडतंय." लग्नाला गेले तर आधी मांडवाच्या खांबांना टकटक, मग अक्षता. सोयरीक जमवायला आलेले पाहुणे ज्या पलंगावर बसले होते, त्या पलंगालाही त्यांनी वाकून हातोडी मारलेली मी या डोळ्यांनी पाहिलीय. पाहुण्यांनी पाय वर घेतले, बिचाऱ्यांनी.

एसटीच्या डेपोत त्यांची सगळी नोकरी मेकॅनिक म्हणून गेली. फोरमन हे पद त्यांना डेपोनं कधी दिलं नाही, ते गावानं दिलं. रिटायर झाल्यावर दिलं, म्हणजे फुकटात दिलं, पण त्यांनी ते फार मनावर घेतलं. मी त्यांना काका म्हणायचो. मी तहसील कचेरीत कारकून, म्हणून ते मला "साहेब" म्हणायचे, आणि राग आला की "बे". दोन्ही एकदम आलं, "काय बे साहेब", की समजायचं, आज आपलं काही खरं नाही.

त्यांचा एकच प्रश्न होता आणि तो दिवसातून वीसदा यायचा. "वढून बघितलं का?" मी फाटकाची कडी लावली की वरच्या मजल्यावरून काकांचा आवाज, "वढून बघितलं का?" गॅसची टाकी बदलली, वढून बघितलं का? माझी बायको गच्चीवर दोरी बांधून कपडे वाळत घालायची, तर हे खालून येऊन दोरीला लोंबकळून बघायचे. साठी उलटलेला माणूस, धोतर सावरत दोरीला लटकतोय, आणि शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून हसतायत. त्यांना काही फिकीर नाही. दोरी पास झाली की खिशातून पेन काढून कार्ड भरायचे. डेपोतून येताना कोऱ्या जॉब कार्डांचा एक गठ्ठा त्यांनी बरोबर आणला होता. नळ गळत होता तेव्हाचं कार्ड कितीतरी दिवस आमच्या मोरीत लटकत होतं : "तक्रार : नळ गळतो. निदान : वायसर. काम : पूर्ण. तपासणी : वढून बघितलं." खाली झोकदार सही.

आणि त्यांचं उलटं बसणं. ते सांगितल्याशिवाय माणूस कळायचा नाही. जुन्या लाल एसटीत ड्रायव्हरच्या मागं, त्याच्या पाठीला पाठ लावून, एक उलटी सीट असायची. त्या सीटवर बसलं की सगळी गाडी आपल्याकडं तोंड करून बसलेली. कुणालाच ती नको असायची. लोकांना मळमळतं, लाज वाटते, चाळीस माणसं एकटक बघत असतात. काकांना तीच सीट लागायची. ती रिकामी नसली तर ते गाडी सोडून द्यायचे. अंबाजोगाईला त्यांची मुलगी शाळेत शिक्षिका होती, तिच्याकडं जायला सकाळी सातला स्टँडवर गेलेला माणूस दुपारी एकला परत आलेला मी पाहिलाय. "गेलतो. सीट भेटली न्हाई." काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या. वडाप जीपमध्ये तर ते पायच ठेवत नसत. नव्या गाड्यांमधून ती सीट गेली, तेव्हा त्यांनी चार दिवस दाढी केली नव्हती, असं काकू सांगायच्या. खरं-खोटं देव जाणे.

मी एकदा विचारलंच, "काका, उलटं कावून बसता हो?" 'का'च्या जागी त्यांचं 'कावून' घालून जरा लाडात यायचा माझा प्रयत्न होता.

"ब्रेक लागला की माणूस कुठं जातंय?" त्यांनी उलट मलाच विचारलं.

"पुढं."

"आन् उलटा बसलेला?"

मी विचार करायला लागलो.

"तो सीटच्या पाठीत जातंय, बे! सगळी पाठ झेलती त्याला. वर्कशॉपला ठोकलेल्या गाड्या यायच्या, मी कंडक्टरला इचारायचो, कोण कुठं बसलतं. उलट्या सीटवाला बहुतेक आपल्या पायानं उतरलेला असायचा." एवढं बोलून त्यांनी माझ्या स्कूटरच्या चाकाला हातोडी मारली. विषय संपला.

मी मनात म्हटलं, नाद करायचा नाही या माणसाचा. चक्रम आहे, पण निरुपद्रवी आहे. या दुसऱ्या गोष्टीत माझा अंदाज चुकला.

माझी बायको बाळंतपणाला माहेरी, शिरूर कासारला गेली. मुलगी झाली. मी आनंदाच्या भरात एक जुनी मोटार घेऊन टाकली. माझी बहीण पुण्यात असते. बारशाला आत्याचा मान मोठा, आत्या पाळणा देते. आमच्या बहीणबाईंनी पाळणा दिला नाही. बारसं उरकून पुण्याला परतल्यावर तिनं खोक्यातून एक भलंमोठं प्लास्टिकचं आसन पाठवलं आणि फोनवर बजावलं, "लेकीला घरी आणशील ती यात बसवून. मांडीवर आणलीस तर मी बारशाला आले होते हे विसरून जा." गाडीत लहान मुलांना बसवायची सीट. केजात तोवर असली वस्तू कुणाच्या बघण्यात नव्हती. कचेरीतले लोक खोकं बघून गेले. एकानं विचारलं, यात पाणी कुठनं सोडायचं?

माझी आई तेलगावहून आली होती. आम्ही मायलेकांनी ती सीट गाडीत बसवली. कशी बसवली ते आता ऐकाच. सगळ्यात मानाची जागा कुठली? ड्रायव्हरच्या शेजारी. नवरदेव तिथं बसतो, सरपंच तिथं बसतो. मग आपली लेक पहिल्यांदा घरी येणार, ती काय मागं बसणार? बसवली पुढं, रस्त्याकडं तोंड करून, म्हणजे लेकराला सगळं दिसेल. आईनं तिच्या लग्नातल्या आणि नंतरच्या लुगड्यांची चार पदरी गोधडी शिवून आणली होती. ती सीटमध्ये अंथरली, गादीच झाली. गाडीचा पट्टा कुठून घालायचा कळेना. सीटवर निळ्या खुणा होत्या, लाल खुणा होत्या. लाल रंग शुभ, म्हणून लालातून घातला. वरून नायलॉनची दोरी आवळली. आईनं आरशाला लिंबू-मिरची बांधली आणि आम्ही दोघं लांब उभं राहून कौतुकानं बघत राहिलो.

काका आले. त्यांनी एका बोटानं सीटला धक्का दिला. सीट वाकली, गाडीच्या दाराला टेकली आणि तिथंच राहिली.

"काय बे साहेब," ते म्हणाले.

त्या दिवसापासून माझ्या गाडीचा ताबा गेला. सीटबरोबर आलेलं चोपडं इंग्रजीत होतं, पण त्यात चित्रं होती. काका भिंग घेऊन ओसरीवर ती चित्रं बघत बसले. दोन दिवस. अधूनमधून नुसतं "अस्सं!" ऐकू यायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. चेहरा असा, की पोरग्याला नोकरी लागलीय. चोपडं माझ्यापुढं नाचवत म्हणाले, "बघ! बघ काय काढलंय त्यांनी! लेकरू उलटं बसवायलेत! सगळ्या जगात, साहेब, लेकरू उलटं बसवायलेत!"

एवढ्या वर्षांनी कुणीतरी त्यांचं म्हणणं छापलं होतं. त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी तेव्हा बघितलं आणि मनात हसलो. त्याची आता लाज वाटते.

मग त्यांनी मला वर्गात बसवल्यासारखं शिकवलं. पुढच्या सीटवर अजिबात नाही. तिथं समोर हवेची पिशवी, एअरबॅग असते, ती फुटली की सीटसकट लेकराच्या पाठीत घण बसतो. म्हणून मागं. तोंड गाडीच्या मागच्या काचेकडं. उलटं बसवायचं तर पट्टा निळ्या खुणांमधून, लाल खुणा पुढं मोठं झाल्यावरच्या. सीटमध्ये आपला गुडघा रोवायचा, सगळं वजन टाकायचं आणि तसंच टाकून पट्टा वढायचा. मग जिथून पट्टा गेलाय तिथं धरून हलवायचं. एका बोटाच्या रुंदीपेक्षा जास्त हलली तर नापास. कलंडायचा कोन बघायला त्यांनी गवंड्याकडून लेव्हल आणली. फार उभी केली तर लेकराची मान छातीवर पडते आणि श्वास कोंडतो, फार आडवी केली तर ब्रेकला लेकरू वर सरकतं. "लेकराचं डोकं लई जड असतंय, साहेब. आन् मान म्हणजे काकडीचा देठ." ते त्या सीटमध्ये गुडघा रोवून उभे राहिले, डोकं गाडीच्या छताला लागलेलं, धोतराचा सोगा दाराबाहेर, आणि रस्त्यावरून जाणारे लोक विचारतायत, "फोरमन, आत काय घावलं का?"

माझी आई मात्र फुगली होती. उलटं बसवलं तर लेकराला दिसणार काय? मागची धूळ! आणि मुख्य म्हणजे काकांनी तिची गोधडी बाहेर काढून ठेवली होती. "नात माझी हाय," ती मला ऐकू येईल आणि त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पाठीला मऊ नको? उघड्या प्लास्टिकवर टाकायलेत लेकराला."

काका घरात गेले आणि काकूंचा वरवंटा घेऊन आले.

बारशाला वरवंट्याचं काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. बाळाच्या आधी तो पाळण्यात पडतो, त्याला दुपट्यात गुंडाळतात, झोके देतात. काकांनी तसाच तो दुपट्यात गुंडाळला, वर कुंची घातली. आधी वाण्याच्या काट्यावर नेऊन तोलून आणला होता, साडेचार किलो. माझ्या लेकीचं वजन मी फोनवर विचारून सांगितलं होतं, तेवढाच. मग त्यांनी सीट गाडीतून काढून ओसरीवर ठेवली, आत आईची गोधडी अंथरली, वरवंटा निजवला आणि आईला म्हणाले, "बाई, तुमच्या हातानं पट्टे लावा. चांगले आवळा."

आईनं आवळले. तेलगावची बाई, कापसाच्या गाठी आवळलेले हात. काकांनी सीट दोन्ही हातांनी उचलली आणि एका झटक्यात उपडी केली.

गोधडी चेपली, पट्टे ढिले पडले आणि वरवंटा सळ्ळकन खाली आला. फरशी फुटली. कुंची घातलेला तो दगड आमच्यापुढं लोळत होता आणि आई "अगं माय!" करून मटकन खाली बसली. एवढासा दगड तो, पण कुंचीमुळं मला त्याच्याकडं बघवेना.

"आता बिगर गोधडीचं," काका म्हणाले. पट्टे खांद्याच्या उंचीवर किंवा जरा खालून, उलटं बसवताना वरून नकोत. इतके घट्ट, की पट्ट्याची चिमूट धरायला गेलं तर धरता येऊ नये. सीट उपडी केली, हलवली, झटकली. वरवंटा जागचा हलला नाही.

आईनं स्वतः जाऊन चिमूट धरून बघितली. धरता आली नाही. मग तिनं गोधडी उचलली आणि पट्ट्यांच्या वरून, नातीला पांघरूण घालावं तशी, वरवंट्यावर घातली. "असं चालंल का?" तिनं विचारलं. "असं पळंल," काका म्हणाले. फुटलेल्या फरशीचं त्यांनी कार्ड केलं आणि तक्रारीच्या रकान्यात लिहिलं : "आजीची माया."

लेकीला आणायला मी आणि आई शिरूरला निघालो तेव्हा काका येऊन गाडीजवळ उभे राहिले. पिशवी हातात, पिशवीत हातोडी, काखेत वरवंटा. मी म्हटलं, काका, या गाडीत उलटी सीट एकच आहे आणि ती तुमच्या मापाची नाही. ते म्हणाले, "तुला तुझा सासरा ऐकायचा न्हाई. मला यावं लागंल." आणि मागं बसले, अर्धे वळून, एक हात सीटवर ठेवून. बीड येईपर्यंत त्यांनी डोळे मिटले नव्हते.

सासऱ्यांबद्दल त्यांचं म्हणणं अगदी खरं निघालं. आमचे सासरे म्हणजे शिरूरचं मोठं प्रस्थ. पंचायतीत वजन, दंडात बळ, दारात पांढरी जीपगाडी. त्यांनी बेत आखून ठेवला होता. नात त्यांच्या गाडीत, पुढच्या सीटवर, त्यांच्या मांडीवर बसून केजला जाणार, मागं आमची गाडी. फुलांच्या माळा बॉनेटला लागल्यासुद्धा होत्या. मी सीट दाखवली, तर ते हसले. मग काकांनी सांगितलं की लेकरू उलटं बसणार. हसू गेलं.

"माझी नात काय चोर हाय का, तोंड लपवून जायला? आमी हावत की धरायला. हे हात बघा." त्यांनी दोन्ही हात पुढं केले. खरंच पैलवानी हात होते. अंगणात वीस-पंचवीस माणसं, सगळी त्यांच्याच बाजूची. माझी बायको दारात लेकराला घेऊन उभी, एकदा बापाकडं बघतेय, एकदा माझ्याकडं. आणि मी? मी जमिनीकडं बघत होतो. कारकून माणूस. सासऱ्यापुढं माझा आवाज कधी निघालाच नाही. त्या घडीला काका नसते, तर माझी लेक मांडीवर बसून गेली असती, हे मी कबूल करतो.

काकांनी काखेतला वरवंटा काढला. कुंचीसकट. "पाटील," ते म्हणाले, "हात बघितले. आता हे धरा आन् तुमच्या गाडीत बसा. ड्रायव्हरला सांगा, सायकल चालती तेवढीच पळव. अंगणाबाहेर न्हाई जायचं. मी हात वर केला की ब्रेक दाबायचा. तुमी सोडायचं न्हाई, बस."

लोकांना करमणूक झाली. सासरे मिशीत हसत गाडीत बसले. वरवंटा छातीशी धरला, दोन्ही हातांची कैची घातली. गाडी निघाली. सायकलीएवढीच. काकांनी हात वर केला.

सासऱ्यांनी एक हात पुढच्या काचेखालच्या फळीला लावला. त्यांनी लावला नाही, तो लागला. पडणारा माणूस हात टेकवतोच. दुसऱ्या हातातून वरवंटा निसटला, फळीवर आपटला आणि त्यांच्या पायाशी पडला. बाहेर उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना तो आवाज ऐकू आला.

कुणी हसलं नाही. सासरे खाली उतरले, पाय जरा लंगडत होता. "पुन्यांदा," ते म्हणाले. "मला मालूम नव्हतं कवा दाबणार ते."

"रस्त्यावरबी मालूम नसतंय," काका म्हणाले.

मग ते खाली वाकले, वरवंटा उचलला, कुंचीची धूळ झटकली. आणि अगदी साध्या आवाजात, नळाचं वायसर सांगावं तसं, सांगितलं, "माझी पोरगी सात महिन्यांची होती. जीपमधी, पुढं, माझ्याच मांडीवर. म्हैस आडवी आली. मी एसटीची चाकं खोलणारा माणूस हाय, पाटील. माझ्या हाताला तुमच्यापेक्षा घट्टे. मी धरलंच होतं की तिला. तरी गेली हातातनं. पोरगी जगली. डावा डोळा गेला."

मला त्यांची मुलगी आठवली. दिवाळीला यायची. कुणी डावीकडून हाक मारली की नुसती नजर न वळवता पूर्ण वळून बघायची. मला वाटायचं, शिक्षिका आहे, तोरा आहे. इतकी वर्षं ती वरच्या मजल्यावर येत-जात होती आणि मला काही म्हणता काही कळलं नव्हतं. खुर्च्यांना हातोडी मारणारा, दोरीला लटकणारा, सीटसाठी सहा तास स्टँडवर बसणारा माणूस आम्हाला विनोदी वाटायचा.

मग सासऱ्यांनी स्वतः दारातून नातीला घेतलं, आमच्या गाडीपाशी आले आणि काकांना म्हणाले, "फोरमन, कसं लावायचं ते मला दाखवा. मीच बसवतो." काकांनी दाखवलं. सासऱ्यांनी जाडजूड बोटांनी पट्टे लावले, चिमूट धरून बघितली, सीट हलवून बघितली. वर माझ्या आईनं गोधडी घातली. बॉनेटवरच्या माळा काढून आमच्या गाडीला बांधल्या. सगळं झाल्यावर सासरे माझ्याकडं वळून खेकसले, "वढून बघितलं का, जावईबापू?"

गाडी हलली तेव्हा सासूबाई पदर डोळ्याला लावून मागं उभ्या होत्या. त्यांनी एकदम रडं थांबवलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "आगं बया, बघ की! सगळ्या लेकी पाठ करून जातात. ही तोंड करून चाललीया आपल्याकडं." काकांनी खिडकीतून ते ऐकलं. मांजरसुंबा येईपर्यंत ते स्वतःशीच मान हलवत होते. मांजरसुंब्याला त्यांनी गाडी थांबवायला लावली, लेकराला पट्ट्यांतून बाहेर काढून हवा दिली, बायकोला पाजायला लावलं आणि कार्डावर वेळ टाकली. लेक झोपेतच केजला पोचली. "गाडी सुखरूप. प्रवासी : एक," असं त्या कार्डावर आहे. आम्ही बाकीचे चौघं बहुतेक सामान.

त्यानंतर फोरमनना काम मिळालं. गावात डॉक्टरांच्या, दुकानदारांच्या घरी अशी सीट आली की बोलावणं यायचं. काका हातोडी आणि वरवंटा घेऊन जायचे. काकू चटणी मिक्सरवर वाटायला लागल्या, कारण वरवंटा कायम ड्युटीवर. एका घरी ती सीट दिवाणखान्यात ठेवून पोराला त्यात जेवू घालत होते आणि गाडीत पोरगं खिडकीत उभं. काका तिथं चहा न पिता उठले. टाकीवर लेकरू बसवून जाणाऱ्या मोटारसायकली बघितल्या की ते हळहळायचे. मोटारसायकलीला त्यांच्याकडं उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलं की त्यांना जेवण जायचं नाही.

पण ट्रॅक्टरला त्यांनी उत्तर काढलं. दिवाळीच्या पुढं-मागं ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर गावावरून जायचे. ट्रॉलीत संसार, संसारावर माणसं, माणसांच्या मांडीवर लेकरं. काका रस्त्याच्या मधोमध उभे राहून ट्रॅक्टर थांबवायचे. ड्रायव्हर शिव्या घालायचा, हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. ट्रॉलीवर चढायचे, दोऱ्या वढून बघायचे आणि लेकुरवाळ्या बायांना उठवून पुढच्या फळीला पाठ लावून, मागं तोंड करून, खाली बसवायचे. "बाई, अशी बस. लेकरू छातीशी, बांधून घे लुगड्यानं. तोंड गावाकडं ठेव." सीट नव्हती, पट्टा नव्हता, तेवढ्यानं सगळं भागत नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण जेवढं करता येतंय तेवढं ते करायचे आणि प्रत्येक ट्रॉलीचं कार्ड भरायचे. शिरूरकडच्या काही बाया दुसऱ्या वर्षी आपणहून तशा बसून आलेल्या दिसल्या, त्या दिवशी त्यांनी गल्लीला पेढे वाटले.

लेक दीड वर्षाची झाली आणि माझी बदली झाली. लांब, पार दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यात. सामान टेम्पोनं पुढं गेलं. आम्ही चौघं गाडीनं निघालो. काकांनी सकाळी सहापासून गाडीचा ताबा घेतला होता. गुडघा रोवला, पट्टा वढला, लेव्हल लावली. लेक आता मोठी झाली होती, सीट जरा उभी केली होती. मी म्हटलं, काका, आता सरळ बसवू का? तिला पुढचं बघायचं असतं. "दोन वर्सं होऊ दे," ते म्हणाले. "पाय दुमडले म्हणून काय होत न्हाई. मान पक्की होऊ दे." मग त्यांनी पट्ट्याची चिमूट धरून बघितली. परत बघितली. मला वाटतं, सात वेळा. आठव्यांदा मी म्हटलं, "काका, उशीर होतोय हो." जरा तुसडेपणानंच म्हटलं. निघायच्या दिवशी माणूस तुसडा होतो, तसा.

त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं, दार लावलं आणि लावलेलं दार वढून बघितलं. आम्ही निघालो.

आमची गल्ली सरळ आणि लांब होती, शेवटी वळण. मी पुढं बघत होतो. आई पुढं बघत होती. बायको मागं लेकीशेजारी होती, पण तीही पुढच्या काचेतूनच बघत होती, डोळे पुसत. आणि लेक हसत होती. हात हलवत होती, टाटा, टाटा करत, थांबेचना. "काय बघून हसतीय गं ही?" मी विचारलं. "काय माहीत," बायको म्हणाली. वळण आलं, मी वळवलं.

पुढच्या पावसाळ्यात काका गेले. त्यांच्या मुलीचा फोन आला. फार बोलली नाही, शिक्षिकांना मोजकं बोलायची सवय असते. शेवटी म्हणाली, "तुम्ही निघालात त्या दिवशी बाबा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले होते. तुमची गाडी वळेपर्यंत हात हलवत. पिशवी खाली ठेवून, दोन्ही हात. नंतर सगळ्यांना सांगत फिरायचे. म्हणायचे, सगळे पाठ करून गेले, एकटी तोंड करून गेली."

माझी लेक आता पाच वर्षांची आहे. तिला मी विचारलं, तुला केजचे आजोबा आठवतात का? तिला नाही आठवत. तिच्या डोळ्यांनी बघितलेलं ते तिच्यापाशीच राहिलं आणि तिलाही सापडत नाही. माझ्या समोर आरसा होता. लिंबू-मिरची बांधलेला, एवढा मोठा आरसा. मी एकदा मान वर करून त्यात बघितलं असतं, तर काय बिघडलं असतं!